गणिताचं टपाल : आधी सारखं काय आहे ते शोधा

गड्ड्याची जत्रा आटपली की सोलापुरातल्या दहावीच्या घरांत टीव्हीचा आवाज कमी होतो आणि आमच्या या सदराचं टपाल वाढतं, दरवर्षीचंच आहे. यंदा त्यातली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची निघाली, अंतर-वेग-वेळ. दहावीवाले आहेत, पोलीस भरतीवाले आहेत, पालक आहेत आणि पंढरपूरच्या एका आजोबांचं पत्र तर खास आहे, म्हणून म्हणलं यावेळी सगळं सदर याच विषयाला देऊन टाकू. नावं छापत नाही, कुणाचं काय चुकलं हे गावभर कशाला करायचं.

मॅडम, मी दहावीत आहे, होटगी रोडला राहते. अंतर भागिले वेळ बरोबर वेग, हे सगळं पाठ आहे पण शाब्दिक उदाहरण आलं की क्ष कशाला मानायचं तेच कळत नाही. टेस्टमध्ये हे आलेलं : एक ट्रक सोलापूरहून पुण्याला २५० किमी अंतर एकसमान वेगाने जातो. त्याचा वेग ताशी १० किमीने जास्त असता तर त्याला १ तास १५ मिनिटं कमी लागली असती, तर ट्रकचा वेग काढा. मी २५० ला १० ने भागलं, २५ आलं, पुढं काय करायचं सुचेना. सरांनी लाल पेनाने नुसतं मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

लाल प्रश्नचिन्हाने कुणाला गणित आलेलं मी तरी बघितलं नाही, ते सोड. तू २५० ला १० ने का भागलंस सांगू? कारण सूत्रात अंतर आणि वेग असतो, आणि उदाहरणात २५० हे अंतर होतं नि १० च्या मागं ताशी किमी लिहिलेलं होतं. पण १० हा ट्रकचा वेग नाहीच, दोन वेगांमधला फरक आहे. १० च्या वेगाने कुणी कुठं गेलेलंच नाही. उदाहरणातला आकडा नक्की कुणाचा आहे हे न बघता तो सूत्रात घातला की असंच होतं, आणि निम्म्या वर्गाचं तसंच होतं, त्यामुळं वाईट वाटून घेऊ नको.

आता असं कर. ट्रक एकदाच गेलाय, पण उदाहरणात प्रवास दोन आहेत, एक झालेला आणि एक न झालेला, "असता तर" वाला. कच्च्या कागदावर दोन ओळी आणि तीन रकाने आख. रकान्यांवर लिही अंतर, वेग, वेळ. ओळींना नाव दे "गेला तसा" आणि "गेला असता तर". अंतराचा रकाना आधी भर, दोन्हीकडं २५०, कारण पुणे काही हललेलं नाही. मग वेगाचा, पहिल्या ओळीत माहीत नाही म्हणून क्ष आणि खालच्या ओळीत क्ष + १०. आता वेळेचा रकाना, आणि इथंच पोरं उदाहरणात परत डोकं घालतात आणि तो सव्वा तास उचलून कुठंतरी घुसडतात. तसं अजिबात करायचं नाही. तिसरा रकाना नेहमी आधीच्या दोन रकान्यांवरून सूत्राने भरायचा, म्हणजे वर २५०/क्ष आणि खाली २५०/(क्ष + १०).

तक्ता भरला, आणि उदाहरणातलं एक वाक्य अजून वापरलेलंच नाही, बघ. "१ तास १५ मिनिटं कमी." हे उरलेलं वाक्य म्हणजेच तुझं समीकरण. तक्ता भरून जे वाक्य हातात राहतं त्याचं समीकरण करायचं, अशा जवळपास सगळ्या उदाहरणांत हे चालतं.

२५०/क्ष − २५०/(क्ष + १०) = ५/४

छेद काढले की डावीकडं वर २५०० उरतात (२५० गुणिले १०, बाकीचं उडून जातं) आणि क्ष(क्ष + १०) = २००० मिळतं, म्हणजे क्ष² + १०क्ष − २००० = ०. अवयव पाडले की (क्ष + ५०)(क्ष − ४०) = ०. क्ष = ४० किंवा क्ष = −५०. वेग ऋण नसतो म्हणून ४०, आणि हे कारण पेपरात एका ओळीत लिहायचंच, ते न लिहिता −५० वर नुसती काट मारलेल्या उत्तरपत्रिका लई बघितल्यात मी. पडताळा बघ, ४० ने गेला तर सव्वासहा तास, ५० ने गेला असता तर पाच, फरक सव्वा तास, जमलं.

एक गंमत सांगते, बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. तू टाकून दिलेल्या −५० कडं परत बघ. त्याचं ऋण चिन्ह काढलं की ५०, म्हणजे तो वाढलेला वेग! हा योगायोग नाही. याच धाटणीच्या उदाहरणात, अंतर तेच आणि वेग इतक्याने वाढवला, वेळ इतका वाचला, दोन मुळांपैकी धन असतं ते खरा वेग आणि ऋण असतं त्यात तो दुसरा वेग लपलेला असतो. त्यामुळं दोन मुळांतला आकड्याचा फरक, चिन्ह सोडून, बरोबर १० आला पाहिजे. नाही आला तर अवयव पाडताना कुठंतरी गडबड झालीय, मागं जा.

१ तास १५ मिनिटं मी १.१५ तास लिहिले, बाकी सगळी रीत बरोबर होती तरी मार्क कापले. हे बरोबर आहे का? (दहावी, मोहोळ)

बरोबर आहे. तासाची मिनिटं ६० असतात, १०० नाही. १५ भागिले ६० म्हणजे पाव, म्हणून १.२५. आणि २० मिनिटं असतील तर ०.३३ वगैरे करत बसू नको, सरळ १/३ लिही, अपूर्णांकच ठेव, छेद पुढं आपोआप उडतात.

माझा मुलगा सातवीत आहे, त्याला रेल्वेचं वेड आहे. तो म्हणतो वंदे भारत ताशी १३० ने पळते, सोलापूर ते मुंबई ४५५ किमी, म्हणजे साडेतीन तासांत पोचायला पाहिजे, मग साडेसहा तास का लागतात? मला उत्तर देता आलं नाही. (पालक, जुळे सोलापूर)

मुलाचा भागाकार एकदम बरोबर आहे हो, ४५५ भागिले १३० बरोबर साडेतीनच येतात, त्याला शाबासकी द्या आधी. फक्त त्याने जो १३० घेतला तो गाडीचा सगळ्यात जास्तीचा वेग झाला, आणि अंतराला वेगाने भागून वेळ काढायची तर वेग सरासरी लागतो.

उलटं करून दाखवा त्याला. ही गाडी १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, तेव्हाचं टायमिंग सोलापूरहून सकाळी ६:०५ आणि मुंबईला दुपारी १२:३५, म्हणजे साडेसहा तास. ४५५ ला ६.५ ने भागा, बरोबर ७० येतात. म्हणजे या गाडीचा सरासरी वेग ताशी ७०. मग उरलेला वेग गेला कुठं? कुर्डुवाडी, पुणे, कल्याण, दादर असे थांबे आले, प्रत्येक थांब्याच्या आधी गाडी हळू करा आणि नंतर परत वेग घ्या हे आलं, पुण्यापुढं लोकलची गर्दी आली, आणि लोणावळा ते कर्जत बोरघाट आला. तिथला उतार १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर खाली, आणि रेल्वेसाठी हे फार झालं, साध्या गाड्यांना घाट चढताना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. वंदे भारतला ती लागत नाहीत, पण म्हणून घाटात कुणी तिला १३० ने सोडत नाही.

त्याला घरी एक उद्योग द्या. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा हायवेच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचं, आला ताशी वेग. ४५ सेकंद लागले तर ८०. मग गाडीच्या काट्याशी ताडून बघायचं. मोजायचं मुलाने, चालवणाऱ्याने नाही.

मॅडम, आमच्या घरात भांडण लागलंय. तुळजापूरला जाताना ताशी ४० ने गेलो आणि येताना ६० ने आलो तर सरासरी वेग किती? मी म्हणतो ५०. मुलगी म्हणते ४८. मी बँकेत आकडेमोडीतच आयुष्य काढलंय. कोण बरोबर? (पालक, सात रस्ता)

मुलगी बरोबर आहे, आजच तिला सांगून टाका.

तुळजापूर आपल्यापासून साधारण ४५ किमी, पण कितीही धरा, उत्तर बदलत नाही. सोपं पडावं म्हणून १२० किमी धरू. जाताना ४० ने तीन तास, येताना ६० ने दोन तास. एकूण २४० किमी, एकूण पाच तास, ४८. तुम्ही ४० आणि ६० ची बेरीज करून दोनने भागलंत, म्हणजे दोन्ही वेगांना सारखा मान दिलात. पण गाडी ४० वर तीन तास होती आणि ६० वर दोनच तास होती, हळू वेगावर जास्त वेळ गेला म्हणून सरासरी त्याच्याकडं झुकली. इथं सारखं काय होतं? अंतर. वेळ सारखा असता, म्हणजे दोन तास ४० ने आणि दोन तास ६० ने गेला असता, तर तुमचे ५० बरोबर होते. या महिन्यातल्या निम्म्या पत्रांचं उत्तर या एका प्रश्नात आहे, सारखं काय आहे, अंतर का वेळ.

आता तुम्हाला मुलीवर डाव उलटवायचा असेल तर हे घाला तिला. पंढरपूर ७२ किमी धरा. पहिले ३६ किमी ताशी ३० ने गेलो, रस्त्याचं काम चालू होतं समजा. सगळ्या प्रवासाची सरासरी ताशी ६० यायला पाहिजे असेल तर उरलेले ३६ किमी किती वेगाने जायचं? ती पटकन ९० म्हणेल. बघा ना, ७२ किमी ताशी ६० ने जायचं तर हातात ७२ मिनिटं मिळतात. आणि पहिले ३६ किमी ताशी ३० ने जायला किती लागली? ७२ मिनिटं. संपली की वेळ! मोहोळच्या पुढं कुठंतरी आहात, पंढरपूर अजून ३६ किमी आहे आणि हातात शून्य मिनिटं. विमान आणलं तरी जमत नाही. असल्या प्रश्नाचं उत्तर "शक्य नाही" असं असतं आणि ते लिहायला पोरं घाबरतात.

मॅडम नमस्कार, मी ३८ वर्षांची आहे, विडी वळते. आठवीत शाळा सुटली, आता १७ नंबर फॉर्म भरून दहावी देतेय. मुलगी शिकवते पण लवकर चिडते. पाठलागाच्या गणितात दोघांच्या वेगाची वजाबाकी का करतात ते तिला विचारलं तर म्हणते नियम आहे, कर. मला कळल्याशिवाय लिहावं वाटत नाही.

ताई, कळल्याशिवाय लिहावं वाटत नाही म्हणता ना, मग तुमचं गणित होणार. मुलीला म्हणावं नियम आहे हे उत्तर मलापण चालत नाही.

कोजागिरीला आपल्याकडून तुळजापूरला चालत जातात ते तुम्ही बघितलं असेल, कदाचित गेलाही असाल. समजा एक बाई रात्री ९ वाजता रूपाभवानीपासून निघाली, ताशी ५ किमी चालतेय, न थांबता. तिची गोळी घरी राहिली. मुलगा ११:३० ला मोटरसायकलवर तिथूनच निघाला, ताशी ३० ने. (त्या रात्रीच्या गर्दीत ३० ने जाता येतं का, हे विचारू नका, गणित आहे.) कुठं गाठ पडेल?

मुलगा निघाला तेव्हा आई कुठं होती ते आधी. अडीच तास, ताशी ५, म्हणजे साडेबारा किमी पुढं. आता पुढच्या एका तासात काय होतं? मुलगा ३० किमी जातो पण आई काही रस्त्यात बसून राहिलेली नाही, ती पण ५ किमी पुढं सरकते. म्हणजे दोघांमधलं अंतर ३० ने नाही, २५ नेच कमी होतं. तुमची वजाबाकी ही एवढीच आहे, मधलं अंतर तासाला किती तुटतं. साडेबारा तोडायचे आहेत, तासाला २५ तुटतात, म्हणजे अर्धा तास. रात्री १२ वाजता गाठ. आई तीन तास चालली, १५ किमी. मुलगा अर्धा तास आला, १५ किमी. जुळलं.

आणि हेच क्ष घेऊन करायचं असेल तर गाठ पडते तेव्हा दोघांचं अंतर सारखं असतं, हे धरायचं. मुलाचा वेळ क्ष तास, तर आईचा क्ष + ५/२. मग ३०क्ष = ५(क्ष + ५/२), क्ष = १/२. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात, परीक्षेत दुसरा लिहा कारण पायऱ्या दिसतात. समोरासमोर येणाऱ्यांचं असेल तर दोघंही अंतर तोडत असतात, तिथं बेरीज. मुलीला हे तुम्हीच समजावून सांगा एकदा, रुबाबात.

मॅम, पोलीस भरतीची तयारी करतोय. १०० मार्क, ९० मिनिटं, गणिताला वेळच पुरत नाही. १८० मीटर लांबीची रेल्वे एक खांब ९ सेकंदात ओलांडते तर ४२० मीटरचा पूल किती सेकंदात ओलांडेल? मी २१ काढलं, ॲन्सर की मध्ये ३० आहे. की चुकीची आहे ना? आणि ५/१८ कधी ने गुणायचं कधी १८/५ ने, सारखं उलटं होतं. (अक्कलकोट)

की बरोबर आहे रे.

खांबाला लांबी नसते, म्हणून खांब ओलांडणं म्हणजे गाडीने स्वतःचीच लांबी कापणं. १८० मीटर ९ सेकंदात, सेकंदाला २० मीटर, इथवर तुझं बरोबरच होतं. पुढं ४२० ला २० ने भागून तू २१ आणलंस. म्हणजे इंजिन पुलाच्या दुसऱ्या टोकाला लागलं आणि तू घड्याळ बंद केलंस, मागचे डबे अजून पुलावरच आहेत. शेवटचा डबा उतरायला इंजिनला ४२० अधिक १८०, म्हणजे ६०० मीटर जावं लागतं. ६०० भागिले २०, ३० सेकंद. प्लॅटफॉर्म, पूल, बोगदा, दुसरी गाडी, ज्याला लांबी आहे त्याची लांबी मिळवायची. खांब, झाड, उभा माणूस, यांची नाही.

सोलापूर स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून एखादी न थांबणारी मालगाडी बघ एकदा, इंजिन कधीच पुढं गेलेलं असतं आणि तुझ्या पायाखालून डबे चाललेलेच असतात. तसं पुस्तकातल्या गाड्या फार आखूड असतात हे मला नेहमी खटकतं. आताच्या प्रवासी गाडीचा एक डबा साधारण २४ मीटरचा, २२ डबे म्हणलं तरी गाडी अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते. १८० मीटरची गाडी म्हणजे सात-आठ डबे. असो, पेपर काढणाऱ्याला कोण सांगणार.

५/१८ चं असं आहे. एका किलोमीटरचे १००० मीटर आणि एका तासाचे ३६०० सेकंद, १०००/३६०० ला अतिसंक्षिप्त रूप दिलं की ५/१८. उलटसुलट होऊ नये म्हणून सूत्र नको, एवढंच ध्यानात ठेव : ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर. मग ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५. मीटर-सेकंदाचा आकडा नेहमी लहान असतो, तेव्हा ७२ चे करून २५९ आले तर तू उलटं गुणलंयस हे तिथंच दिसेल. भरतीच्या पेपरात आकडे बहुतेक या पाढ्यातलेच असतात, आणि एका प्रश्नाला तुला मिनिटसुद्धा मिळत नाही, त्यामुळं हा पाढा तोंडावर हवा.

माझे वय ७४. पंढरपुरात जन्म गेला. नातू होडीची गणिते करत बसतो. मी म्हणालो, अरे जाताना प्रवाह जेवढा ढकलतो तेवढाच येताना अडवतो, फिटंफाट, मग प्रवाह असो नसो, वेळ तोच. नातू म्हणतो आजोबा तसं नाही. चंद्रभागेच्या काठी राहून मला होडी कळत नाही असे कसे होईल?

आजोबा, होडी तुम्हाला नातवापेक्षा जास्त कळते यात वाद नाही. पण या एका गोष्टीत नातवाचं ऐका.

समजा पाणी एकदम संथ आहे आणि होडी तासाला ९ किमी जाते. १२ किमी जाऊन परत यायचं, २४ किमी, २ तास ४० मिनिटं. आता उजनीतून पाणी सोडलं आणि प्रवाह तासाला ३ किमीचा झाला. प्रवाहाच्या दिशेने होडी ९ + ३, म्हणजे १२ ने जाईल, एक तास. उलट येताना ९ − ३, म्हणजे ६ ने, दोन तास. एकूण तीन तास. वीस मिनिटं जास्तीच लागली की नाही?

वेगात फिटंफाट झाली, तुमचं तेवढं खरं आहे, तीन मिळाले आणि तीन गेले. पण प्रवाहाची मदत एकच तास मिळाली आणि त्याचा अडथळा दोन तास सोसावा लागला. मदत होते तेव्हा आपण लवकर पोचतो, म्हणून मदत थोडाच वेळ टिकते. वर सात रस्त्याच्या गृहस्थांचं तुळजापूरचं भांडण वाचलंत ना, हे तेच आहे, अंतर सारखं आणि वेळ वेगवेगळा. आणि प्रवाह ताशी ९ चा झाला तर बघा, होडी वर येणारच नाही, जागच्या जागी वल्ही मारत राहील. फिटंफाट असती तर तेव्हाही २ तास ४० मिनिटांत आली असती.

नातवासाठी पण देते, तो बहुतेक दोन चलांवर अडला असेल. होडी प्रवाहाच्या दिशेने २४ किमी आणि विरुद्ध दिशेने १२ किमी ४ तासांत जाते, आणि दिशेने ३६ व विरुद्ध ३० किमी ८ तासांत जाते. होडीचा क्ष, प्रवाहाचा य. २४/(क्ष + य) + १२/(क्ष − य) = ४, दुसरं तसंच. छेदात दोन-दोन चलं बघून घाबरायचं नाही आणि छेद तर काढायचेच नाहीत, तसं केलं की पान भरतं आणि हाती काही लागत नाही. १/(क्ष + य) ला म म्हणायचं, १/(क्ष − य) ला न. मग २४म + १२न = ४ आणि ३६म + ३०न = ८, साधी समीकरणं झाली. म = १/१२, न = १/६ येतात. म्हणजे क्ष + य = १२, क्ष − य = ६, होडी ९ आणि प्रवाह ३. इथवर आला की पोरं म आणि न लाच उत्तर समजून खाली दोन रेघा मारतात, ते बघा जरा.

मुलगा मोबाईलवर शॉर्टकट ट्रिकचे व्हिडिओ बघतो, वही काढतच नाही. शिवाय म्हणतो ही असली गणितं कशाला, खऱ्या आयुष्यात कोण क्ष मानतं. काय सांगू? (पालक, बार्शी)

ट्रिक वाईट नसते हो, पण ट्रिक एका साच्याच्या उदाहरणाला चालते आणि बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना मार्क असतात. ट्रिकने उत्तर काढू दे त्याला आणि मग रीतीने लिहून दोन्ही जुळतात का ते बघू दे, म्हणजे भांडणही नाही.

कशाला या प्रश्नाला मी काही उत्तर देत नाही, त्याला एक गणित द्या फक्त, भास्कराचार्यांचं, ११५० सालच्या लीलावतीतलं. नऊ हात उंच खांब, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, वर मोर बसलाय. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडं येताना मोराला दिसला आणि मोराने तिरकी झेप घेतली. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर मोराने सापाला धरलं?

वेग दिलेलाच नाही, वेळही नाही! आपल्या तक्त्यात दोन रकाने रिकामे. पण दोघांचा वेग सारखा आणि वेळही सारखा, म्हणजे अंतरही सारखंच. बिळापासून क्ष हातांवर धरलं तर साप २७ − क्ष हात आला, आणि मोरपण तेवढाच, तिरका. उरलं पायथागोरस : क्ष² + ८१ = (२७ − क्ष)². वर्ग उडतो, ५४क्ष = ६४८, क्ष = १२. मोर १५ हात, साप १५ हात. याला ट्रिक आहे का ते शोधू दे व्हिडिओत.

मॅडम, मी नववीत आहे, मला ही सगळी येतात. एक अवघड द्या ना. (कुर्डुवाडी)

घे. एक ट्रक सोलापूरहून पुण्याला आणि एक टेम्पो पुण्याहून सोलापूरला, एकाच वेळी निघाले, एकाच रस्त्याने, दोघांचे वेग एकसमान. वाटेत एकमेकांना भेटले. भेटल्यानंतर टेम्पोला सोलापूर गाठायला २ तास लागले आणि ट्रकला पुणे गाठायला साडेचार. दोघांच्या वेगांचं गुणोत्तर काय, आणि निघाल्यापासून किती तासांनी भेटले?

सोलापूर-पुणे अंतर मी मुद्दाम दिलेलं नाही. ते लागत नाही.